बोंडूला एकच दिवस मिळतो

मार्च लागला की दोडामार्ग-सावंतवाडीपासून लांजा-राजापूरपर्यंत आणि घाट चढून आजरा-चंदगडपर्यंत काजूच्या बागांतून एकच काम चाललेले असते. झाडाखाली पडलेले फळ उचलायचे, पिळा देऊन बी सुटी करायची, ती पिशवीत टाकायची आणि बोंडू तिथेच सोडून पुढच्या झाडाकडे वळायचे. एप्रिलअखेर अशा बागेत शिरले की आंबूस वास आणि चिलटांचे थवे सोबतीला असतातच. बी ही कमाई आणि बोंडू हा कचरा, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कुणी प्रश्नही विचारत नाही. वजनकाट्यावर मात्र चित्र उलटे दिसते. एक किलो काजूबीमागे साधारण सहा ते दहा किलो बोंडू येतो. देशात वर्षाला सात-आठ लाख टन काजूबी पिकते आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कमीत कमी पट धरली तरी चाळीस लाख टनांहून अधिक रसाळ फळ दर उन्हाळ्यात तयार होते आणि गोव्यासारखा अपवाद सोडला तर त्यातले बहुतेक झाडाखालीच कुजते. कोकणात या फळाची नियमित गिऱ्हाइके म्हणजे वानर आणि वटवाघळे.

बोंडू हे खरे फळ नाही, तो फुगलेला देठ आहे, असे शाळेत शिकवतात आणि ते बरोबरही आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर नजरेने पाहिले तर सफरचंद आणि नासपतीचा गरही खरे फळ नव्हे. म्हणून काश्मीर-हिमाचलात कुणी तो टाकून बिया गोळा करत नाही. बोंडूत साखर दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असते, क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असते आणि पिळला तर वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक रस निघतो. घशाला बसणारा तुरटपणा ही त्याची खोड. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड आणले, तेव्हापासून आपण त्याच्या फळाशी अर्धाच व्यवहार करत आलो. आणि राज्याने या झाडासाठी काही केले नाही असेही नाही. १९९० पासून रोजगार हमी योजनेला जोडलेल्या फळबाग लागवडीतून कोकणातल्या कातळावर आणि वरकस जमिनीवर काजू उभा राहिला. खड्डे, कलमे, पाणी यांचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. झाडाला लागणाऱ्या मालापैकी वजनाने सर्वांत मोठ्या हिश्शाचे काय करायचे, हा विचार त्या योजनेत कुठेच नव्हता.

बोंडूचे काय करायचे याच्या कृती आपल्याकडे नाहीत, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवायला हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींसाठी ओळखले जाते आणि बोंडूवरच्या प्रक्रियेवरही विद्यापीठात काम झाले आहे. कर्नाटकात पुत्तूरला काजू संशोधन संचालनालय आहे. केरळ कृषी विद्यापीठाच्या माडक्कत्तरा केंद्राने तर सरबत, जॅम, कँडी, लोणचे, व्हिनेगर अशी मालिकाच तयार केली. तुरटपणा घालवण्याची युक्ती कुठल्याही स्वयंपाकघरात जमण्यासारखी आहे. साबुदाणा दळून त्याची खळ शिजवायची, गार करून रसात ढवळायची आणि रस रात्रभर स्वस्थ ठेवायचा. रसातले टॅनिन त्या पिठूळ खळीला धरून तळाशी बसते आणि वर नितळ, गोड रस उरतो. भाताच्या पेजेनेही हेच साधते. नितळलेला रस गरम करून बाटलीत बंद केला किंवा परवानगी असलेल्या प्रमाणात परिरक्षक घालून पिंपात साठवला, तर तो काही महिने राहतो. हे सारे छापून झाले आहे, शिकवून झाले आहे, त्याची शिबिरे होऊन गेली आहेत. बचत गटांच्या महिला ते शिकतात, प्रदर्शनात बाटल्या मांडतात, बाटल्या विकल्याही जातात. आणि गावातले टनावारी बोंडू जिथे होते तिथेच राहतात, कारण प्रदर्शनासाठी लागतो चार पाट्या माल आणि बागेत पडलेला असतो ट्रकभर.

बोंडू कुजतो याचे कारण अज्ञानात शोधणे म्हणूनच सोयीचे असले तरी चुकीचे आहे. खरे कारण वेळेचे आहे. बोंडूला राखणारी जाड साल नाही. तो पिकून आपणच गळतो, म्हणजे जमिनीवर पोचेपर्यंत कुठेतरी ठेचलेलाच असतो. एप्रिलच्या उन्हात त्या ठेचेतून यीस्ट आत शिरते आणि चोवीस तासांत फळ आंबू लागते. बीचे तसे नाही. ती वाळवून पोत्यात भरली की महिनोन्‌महिने थांबते. व्यापारी आज नाही आला तर आठवड्याने येईल, कारखान्याला कोकणातली बी नको असेल तर तो आफ्रिकेतून मागवेल. एकाच देठावर लागलेल्या या दोन वस्तूंपैकी एक वर्षभर दम धरू शकते आणि दुसरीला एकच दिवस मिळतो. आपला सगळा काजू व्यवहार दम धरणाऱ्या वस्तूच्या चालीने बेतलेला आहे. त्यामुळे बोंडूसाठी आखलेली योजनाही नकळत त्याच चालीने जाते: तालुक्याच्या ठिकाणी मोठा प्रकल्प, गावोगावहून माल गोळा करणारी गाडी, संकलन केंद्र, मग प्रक्रिया. घाटरस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर येईपर्यंत क्रेटच्या तळचे बोंडू चेपून त्यांचा रस गाडीतच गळतो आणि कारखान्याच्या दारात पोचते ते अर्धे आंबलेले. माझा मुद्दा एवढाच आहे की बोंडूवरच्या प्रक्रियेचा पहिला टप्पा, म्हणजे पिळणे, नितळवणे आणि टिकाऊ करणे, बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर व्हायला हवा. आणि सार्वजनिक पैसा घालायचा असेल तर तो आधी या पहिल्या टप्प्यात घालायला हवा. चकचकीत बाटली, लेबल, शहरातली विक्री हा दुसरा टप्पा दूर कुठेही झाला तरी चालेल.

जिथे जिथे नाशिवंत फळाचा सुकाळ खरोखर पचवला गेला आहे तिथे हेच दिसते. गोव्याचे उदाहरण सर्वांत जवळचे. तिथे बोंडूला किंमत आहे याचे श्रेय सहसा फेणीला दिले जाते, पण फेणीची रचना जरा जवळून पाहावी. डोंगरउतारावर काजूची झाडे आणि त्यांच्याच सावलीत कोळंबी, म्हणजे कातळात कोरलेले उथळ कुंड, ज्यात बोंडू पायांनी तुडवले जात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राचा दाब आला, तरी जागा तीच राहिली. पिळल्यावर आपोआप झिरपणारा नीरो तिथल्या तिथे पिण्यासाठी, बाकीचा रस आंबवण्यासाठी. आंबला की शेजारच्याच भट्टीवर पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी. भट्टीवाल्याला रोज ताजा बोंडू लागतो म्हणून तो रोज वेचला जातो. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, २०२१ मध्ये फेणी धोरण आले; पण बोंडू कुजू न देण्याचे काम या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून त्या कातळातल्या कुंडाने केले होते. तिथे बोंडूला गाडीत बसावेच लागत नाही.

दुसरे उदाहरण दारूचे नाही आणि ते काजूच्या माहेरचेच आहे. ईशान्य ब्राझीलच्या पियाउई आणि सेआरा या राज्यांत कजुईना नावाचे पेय घरोघर पिले जाते. बोंडूचा रस काढायचा, जिलेटिनने तुरटपणा खाली बसवायचा, कापडातून गाळायचा, बाटल्यांत भरून बुचे लावायची आणि बंद बाटल्या पाण्यात उकळत ठेवायच्या. रसातलीच साखर हळूहळू तांबूस होते आणि पेयाला मधासारखा रंग येतो. वरून साखर नाही, परिरक्षक नाही, मद्यार्क नाही, आणि न उघडलेली बाटली वर्षभरही राहते. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय रोदॉल्फु तेऑफिलु या औषधनिर्मात्या लेखकाला दिले जाते आणि त्याचा हेतू लोकांना दारूपासून दूर नेण्याचा होता. पियाउईच्या कजुईनेला २०१४ मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात स्थान दिले. मोठ्या कंपन्या तिथेही आहेत, पण पेयाचा पाया घरामागच्या शेडमधला आहे: एक दाबयंत्र, एक गाळणी, एक मोठी कढई आणि काही शे बाटल्या.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्याच राज्यातले, सांगलीचे. तासगाव-मिरज परिसरातल्या द्राक्षबागायतदाराला ताज्या द्राक्षांचा भाव पडला की रडत बसावे लागत नाही, कारण त्याच्याकडे बेदाण्याची वाट आहे. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, दोन-तीन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो आणि तो शीतगृहात जाऊन बसतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या व्यवस्थेची मोठी गोष्ट बेदाण्याच्या भावात नसून वेळेत आहे. द्राक्ष दोन दिवसांत विकावे लागते, बेदाणा दिवाळीपर्यंत थांबू शकतो, आणि ज्याला थांबता येते त्यालाच व्यापाऱ्याशी बरोबरीने बोलता येते. शेड बागेजवळ, सौदे तासगाव-सांगलीत, शीतगृह त्याच पट्ट्यात. तिथे पहिला टप्पा शेतकऱ्याच्या हातात राहिला. कोकणातही हे अगदीच अनोळखी नाही. कोकम फोडून, साले मिठात घालून, पुन्हा पुन्हा त्याच्याच रसात बुडवून आणि उन्हात वाळवून आमसूल करणारी घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गात असंख्य आहेत. त्यासाठी कुठल्या गाडीची वाट पाहावी लागली नाही. कोकमाला जे साधले ते बोंडूला का साधू नये, याचे उत्तर फळात नाही. आमसूल आणि आगळ यांना विकत घेणारा माणूस ठरलेला होता, बोंडूच्या रसाला तो कधी ठरवून दिलाच गेला नाही.

आता पैशाचा हिशेब. २०२४ च्या हंगामात काजूबीचे भाव कोसळल्याची तक्रार झाल्यावर राज्य सरकारने किलोमागे १० रुपये अनुदान देण्याचे ठरवले. समजा एका बागायतदाराची हजार किलो बी होते. अनुदानाचे त्याला दहा हजार रुपये. त्याच बागेत किमान सहा हजार किलो बोंडू पडणार. पैकी निम्मेच वेचण्याजोगे निघाले आणि गावातल्या पिळणी केंद्राने किलोला चार रुपये दिले, तर बारा हजार. हा दर वाढवून सांगितलेला नाही. साठ टक्के रस धरला तर लिटरभर रसामागे कच्च्या मालाचा खर्च सात रुपयांच्या आत बसतो. ज्या बाटलीत तो रस भरायचा ती बाटलीच बहुधा त्याहून महाग पडेल. अनुदान दर वर्षी मागावे लागते, त्यासाठी सात-बारा, पावत्या आणि अर्ज जोडावे लागतात. बोंडूचे पैसे टोपली उतरवली त्या दिवशीच हातात येऊ शकतात. मी अनुदानाच्या विरोधात नाही, आयात बीशी झुंजणाऱ्या शेतकऱ्याला आधार हवाच. पण भाव पडल्यावर द्यायची रक्कम आणि भाव पडला तरी माणूस उभा राहील यासाठी घालायची रक्कम यांत निवड करायची असेल तर दुसरी आधी, असे माझे मत आहे.

या हिशेबाला सर्वांत जड आक्षेप मजुरीचा, आणि तो उडवून लावता येणार नाही. बी चार-पाच दिवसांनी एकदा वेचली तरी चालते. बोंडू रोज वेचावा लागतो, तोही हलक्या हाताने, क्रेटमध्ये, पोत्यात कोंबून नाही. गावात माणूस मिळत नाही, आंबा-काजूच्या कितीतरी बागांची भिस्त नेपाळहून आलेल्या कामगारांवर आहे, आणि दिवसाची मजुरी चार रुपये किलोच्या बोंडूतून सुटेल असे सरसकट म्हणणे फसवे ठरेल. जिथे जुनी गावठी झाडे डोंगरभर विखुरलेली आहेत तिथे ती सुटणार नाहीच; ते बोंडू वानरांनी खावेत. पण गेल्या तीस वर्षांत लावलेल्या कलमांच्या बागा तशा नाहीत. झाडे ठेंगणी, ओळीत, एका कुंपणात. तिथे रोजची फेरी शक्य आहे आणि त्या फेरीचा सगळा खर्च बोंडूवर टाकण्याचेही कारण नाही. रोज उचललेली बी ओलसर जमिनीत काळवंडत नाही, अवकाळी सरीत भिजत नाही, साळिंदर-उंदरांच्या वाट्याला जात नाही. अलीकडे एप्रिल-मेमध्ये एखादी जोरदार सर यायची असे धरूनच चालावे लागते; तेव्हा आठवड्यातून एकदा वेचण्याची बचत एका रात्रीत धुऊन जाते. सगळा बोंडू वाचवावा हा हट्ट कुणी धरू नये. तिसरा हिस्सा वाचला तरी कोकणातली ती एक मोठी नवी कमाई असेल.

यंत्र वर्षातले नऊ महिने पडून राहील, ही दुसरी शंका बँकेच्या अधिकाऱ्यांकडून हमखास येते. साखर कारखाना अर्धे वर्ष बंद असतो, बेदाण्याच्या शेडमध्ये काम असते ते उन्हाळ्यातले काही महिने, आणि दोन्हींना कर्ज मिळते. शिवाय दाबयंत्र, गाळणी, गरम करण्याची टाकी आणि बाटल्या भरायची सोय ही काही फक्त काजूची उपकरणे नाहीत. बोंडूचा जोर ओसरतो तेव्हा कोकम तयार होतो, मागोमाग जांभूळ, करवंद, रायवळ आंबा. रायवळ आणि फणस हे तर कोकणातले आणखी दोन कुजणारे ढीग. फेब्रुवारीअखेर सुरू झालेले केंद्र जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालू शकते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून २०२० पासून अशा छोट्या उद्योगांना खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान मिळते. तेवढ्यात गावपातळीचे केंद्र उभे राहण्याजोगे आहे. अडचण उरते ती उभे राहिल्यानंतरची: पिंपातला टिकवलेला रस घ्यायचा कुणी? इथेच राज्याच्या काजू मंडळाचे खरे काम आहे. २०२३ मध्ये या मंडळाची घोषणा झाली. त्याने स्वतः सरबत विकायला बसण्याऐवजी गावकेंद्रांचा नितळ रस ठरलेल्या प्रतीचा असेल तर ठरलेल्या दराने उचलण्याची हमी द्यावी, आणि तो पुढे पेय उद्योगाला, दुग्धशाळांना, व्हिनेगर करणाऱ्यांना विकावा. दुधाच्या बाबतीत आपण नेमके हेच केले आहे. दूधही नाशिवंत, दूधही गावोगाव थोडे थोडे निघते. गावात संकलन आणि शीतकरण आधी आले, दुधाची भुकटी करणारे कारखाने त्या पायावर चालले.

लोक पितील का, हा तिसरा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. आवळा, कोकम, चिंच, कैरी यांवर वाढलेल्या समाजाला तुरट-आंबट चवीची भीती घालण्यात अर्थ नाही. आणि साबुदाण्याच्या खळीने नितळलेल्या रसात ती चव उरतेही फार थोडी. मोठ्या उद्योगालाही यात काही दिसले होते. २०१४ च्या सुमारास पेप्सिकोने क्लिंटन फाउंडेशनच्या साथीने महाराष्ट्रातल्या बोंडूचा रस आपल्या फळपेयांत मिसळण्याची योजना जाहीर केली, तेव्हा परदेशी वृत्तपत्रांतही त्याची चर्चा झाली. हे वाचून काहींना वाटले की आता कंपनी येईल आणि सगळे उचलून नेईल. त्याला दहा वर्षे होऊन गेली. बागेतले दृश्य बदललेले नाही. कंपनीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. कंपनीला एकसारख्या प्रतीचा, टाकीभर, न आंबलेला रस हवा असतो. तो हजारो छोट्या बागांतून एका दिवसात गोळा करणे हे कुठल्याही कंपनीच्या आवाक्यातले काम नाही आणि ते तिचे कामही नाही. गावागावात नितळ रस साठवलेला असेल तर कंपनी आपणहून येईल, आणि एक नाही आली तर दुसरीला विकता येईल. बागायतदाराची बाजू तेवढ्यानेच भक्कम होते.

दारूचा प्रश्न मात्र महाराष्ट्रात टाळून चालत नाही. इथे मद्यनिर्मितीवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची चौकट आहे आणि कोकणातली गावठी भट्टी ही पोलिसांच्या छाप्याची गोष्ट आहे. त्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्काची सवलत दिली. नाशिकच्या वाइनला प्रतिष्ठा आली आणि बोंडूच्या अर्काला छापा. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडू आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून वरच्या वर्गात टाकण्याचा निर्णय घेतला, हे एक पाऊल योग्य दिशेने पडले. परंतु परवान्याची फी आणि अटी छोट्या भट्टीला परवडणाऱ्या नसतील तर त्याचा फायदा पुन्हा मोठ्या डिस्टिलरीलाच होईल आणि तिच्यासाठी बोंडू पुन्हा गाडीत बसेल. दारूला तत्त्वतः विरोध असलेल्यांची बाजूही मी हलकी मानत नाही. कोकणातल्या अनेक घरांनी तिचे चटके सोसले आहेत. त्यांनी स्वित्झर्लंडकडे पाहावे. तिथे शेतकऱ्यांच्या घरोघरी नासपती-सफरचंदाची दारू गाळली जाई आणि ती इतकी स्वस्त झाली की तो राष्ट्रीय प्रश्न बनला. १९३० मध्ये लोकांनी मतदानाने घटनेत बदल केला, १९३२ मध्ये मद्य कायदा आला. त्या कायद्याने भट्ट्यांवर लगाम घातला, पण त्याचबरोबर जादा फळाचा दारूविना वापर वाढवणे हे सरकारचे काम ठरवले. नासपतीचा रस आटवून केलेला बिर्नेल नावाचा दाट काकवीसारखा पदार्थ त्यातून पुढे आला. १९५२ पासून विंटरहिल्फे ही मदत संस्था तो विकत आली आहे. किलोभर बिर्नेलसाठी साधारण दहा किलो नासपती लागतात. त्याच धोरणाची दुसरी बाजू अशी की फळाचा सुकाळ कमी करण्यासाठी लाखो उंच फळझाडे सरकारी प्रोत्साहनाने तोडली गेली आणि आज त्याच झाडांच्या जतनासाठी तिथे खर्च होतो. दारू नको असेल तर फळाला दुसरी वाट काढून द्यावी लागते, ती न काढता केलेली बंदी शेवटी झाडावर येते. आपल्याकडे झाडे तोडली जात नाहीत. फळ तेवढे दर वर्षी सोडून दिले जाते.

बोंडू जमिनीत कुजला तर खत होते, मग त्यात नासाडी कसली, असे म्हणणारे बागायतदार भेटतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण थोडे. रस पिळून घेतल्यावर तंतू आणि पोषकद्रव्ये बऱ्याच प्रमाणात चोथ्यातच राहतात. तो चोथा बागेत परत टाकता येतो, वाळवून गुरांच्या खाद्यात मिसळता येतो, आणि जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेत या दिशेने काम झालेही आहे. जमिनीकडून आपण नेतो ते मुख्यतः पाणी आणि साखर. त्यासाठी चाळीस लाख टन फळ सोडून देणे हे खताचे फार महाग गणित आहे.

हे सारे या हंगामात व्हायचे नाही. पण पुढच्या हंगामासाठी काय कधी व्हायला हवे, ते झाडच सांगते. काजू डिसेंबर-जानेवारीत मोहरतो, फेब्रुवारीअखेर पहिली फळे गळू लागतात. गावकेंद्रांच्या जागा आणि चालवणारे गट पावसाळ्यात ठरले, दाबयंत्रे आणि टाक्यांची मागणी दिवाळीपूर्वी नोंदवली गेली, अन्न परवाने डिसेंबरपर्यंत हातात आले आणि काजू मंडळाने रसाचा दर व प्रत जानेवारीत जाहीर केली, तर वेंगुर्ला आणि सावंतवाडी या दोनच तालुक्यांत वीस-पंचवीस केंद्रे पहिल्या वर्षी चालवून पाहता येतील. दर मार्चमध्ये जाहीर झाला तर तो त्या वर्षीच्या बोंडूच्या काही कामाचा राहणार नाही.